‘अनअटॅच्ड’ डिस्क उडवण्याआधी: कमांड लाइनवरून क्लाउडच्या डिस्क सांभाळताना

खराडीतून | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या एका कमांडने एका घराण्याच्या जमाखर्चाच्या वह्यांची ४१२ पानं पुसली गेली. कागद शाबूत आहेत, स्कॅन गेले. त्यातून सावरताना जे कळलं ते इथे लिहितोय. आपल्यातले बरेच जण नोकरीत किंवा हौसेने हेच काम करतात, आणि मराठीत याबद्दल सलग वाचायला मिळत नाही.

आम्ही चौघं शनिवार-रविवार पेठेतल्या एका जुन्या वाचनालयासाठी स्कॅनिंग करतो. दिवाळी अंक, घरोघरच्या वह्या, पत्रं, थोडे मोडी कागद. ए४ आकाराचं पान ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं की कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल साधारण ४६ एमबीची होते. दोनशे पानांचा अंक म्हणजे नऊ जीबीच्या वर. घरच्या हार्ड डिस्क पुरेनात, म्हणून अझूरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) एक छोटं लिनक्स मशीन आणि त्याला जोडायला मॅनेज्ड डिस्क असा संसार मांडला. रीजन (डेटासेंटरचं ठिकाण) ‘सेंट्रल इंडिया’. हे रीजन २०१५ पासून पुण्यातच आहे. पुण्याच्या वह्या पुण्यातच राहणार याचं वाचनालयाच्या काकांना फार समाधान वाटलं होतं.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मॅनेज्ड डिस्क हे ब्लॉक स्टोरेज, आणि ब्लॉक स्टोरेज म्हणजे भाड्याने घेतलेला रिकामा प्लॉट. ड्राइव्हवर फाइल टाकली आणि लिंक पाठवली, असं इथे नसतं. डिस्क मशीनला जोडायची, पार्टिशन पाडायचं, फाइलसिस्टीम बांधायची, माउंट करायची (म्हणजे एका फोल्डरवर बसवायची), मग कुठे पहिली फाइल ठेवता येते. आणि मुख्य गोष्ट अशी की प्लॉटवर तुम्ही काय बांधलंय ते क्लाउडच्या यादीत दिसत नाही. तिथे फक्त नाव, आकार, प्रकार आणि स्थिती. आत आजोबांच्या वह्या आहेत की चाचणीसाठी टाकलेला कचरा, हे यादी सांगत नाही. तुम्ही नावात किंवा टॅगमध्ये लिहिलं असेल तरच ते कळणार.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी अक्षरांत.)

झालं असं. बिल वाढत चाललं होतं. ‘एझेड डिस्क लिस्ट’ चालवल्यावर १४ डिस्क दिसल्या आणि आमची वापरातली मशीन होती दोन. आधी गंमत म्हणून उभी केलेली मशीन आम्ही डिलीट केली होती, पण त्यांच्या डिस्क मागे राहिल्या होत्या. मशीन बनवताना तसं सांगितलं नसेल तर मशीनबरोबर डिस्क जात नाही. भाडं मात्र चालू राहतं, तेही वापरलेल्या जागेचं नाही, मागितलेल्या आकाराचं. म्हणून मी ‘--क्वेरी’ लावून ‘डिस्कस्टेट’ बरोबर ‘अनअटॅच्ड’ अशा डिस्क वेगळ्या काढल्या. नऊ निघाल्या. त्या नऊ नावांवर लूप फिरवला: ‘एझेड डिस्क डिलीट’, सोबत ‘--यस’ आणि ‘--नो-वेट’. ‘--यस’ दिल्यामुळे खात्री विचारली गेली नाही, ‘--नो-वेट’ दिल्यामुळे काम पूर्ण होईपर्यंत थांबायलाही लागलं नाही. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवायच्या आत प्रॉम्प्ट परत आला.

त्या नवातली एक ‘डिस्क३’. खर्च वाचवायला आम्ही स्कॅनिंगचं मशीन प्रत्येक खेपेनंतर डिलीट करत होतो आणि पुढच्या खेपेला नवं उभं करून डिस्क जोडत होतो. मधल्या काळात ती डिस्क अर्थातच ‘अनअटॅच्ड’. मशीन नुसतं डीअलोकेट (म्हणजे डिलीट न करता बंद) करून ठेवलं असतं तर स्थिती ‘रिझर्व्ह्ड’ दिसली असती आणि माझ्या गाळणीत ती सापडलीच नसती. त्या शनिवारी लाइट गेली म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायचं राहून गेलं होतं. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची क्लाउडमधली प्रत, नव्हता. मॅनेज्ड डिस्क डिलीट केली की ती काढून घ्यायला कचरापेटी नसते.

वह्या कुठल्या होत्या तेही सांगतो. नदीकाठच्या पेठेतलं एक दुकान, १९४० ते १९७० च्या आसपासचे हिशोब. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या दुकानात पाणी शिरलं होतं. वह्यांच्या खालच्या कडांवर अजून चिखलाची रेघ आहे. त्या पुरातून घरच्यांनी वह्या माळ्यावर नेऊन वाचवल्या. आणि माझ्याकडून त्यांचे स्कॅन एका ओळीत गेले. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो.

आता आम्ही काय बदललं ते.

नावं पहिल्यांदा बदलली. ‘डिस्क३’ हे नाव नाही, अनुक्रमांक आहे. आता नावात संग्रह, खेप आणि महिना असतो, शिवाय टॅगमध्ये ‘मालक’ आणि ‘उडवायची का’ असे दोन रकाने. दुसरं, यादी काढताना फक्त स्थिती बघत नाही. डिस्कच्या माहितीत ‘लास्ट ओनरशिप अपडेट टाइम’ नावाची नोंद असते, म्हणजे डिस्क शेवटची कधी जोडली किंवा सोडवली गेली, ती वेळ. ‘डिस्क३’ची ती वेळ सहा दिवसांपूर्वीची असणार होती, बाकी आठांची बहुतेक महिनोन् महिने जुनी. तेवढा एक रकाना मी यादीत मागितला असता तर हा धागा निघाला नसता.

तिसरं, कुठलीही डिस्क उडवण्याआधी तिचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग साठवणारा) स्नॅपशॉट. डिस्क प्रीमियम असली तरी असे स्नॅपशॉट स्टँडर्ड एचडीडी साठवणीवर ठेवता येतात, त्यामुळे डिस्क जपून ठेवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतात. महिनाभर कुणी हाक मारली नाही तर मग तोही काढायचा. आणि ज्या डिस्कवर वह्या आहेत त्यांना ‘एझेड लॉक क्रिएट’ने ‘कॅननॉट-डिलीट’ प्रकारचं कुलूप. कुलूप असताना डिलीट कमांड सरळ नाकारली जाते.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः दुसरी क्लाउड वापरणाऱ्यांनी.

---

मुळाकाठ | शनिवार, रात्री ११:०५

वाचून वाईट वाटलं. वह्या परत स्कॅन करायला मिळणार आहेत का? घरच्यांना सांगितलंत?

---

खराडीतून | शनिवार, रात्री ११:२०

दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. घरातल्या आजी ८४ वर्षांच्या आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वही तर आहे ना? मग या परत. फक्त पावसाळ्यात नका नेऊ, इथेच बसून काढा.” आता आम्ही स्कॅनर त्यांच्या घरी घेऊन जातो. २६० पानं झाली आहेत.

---

सिंहगडवारी | रविवार, सकाळी ७:५०

खराडीतून, हे उघडपणे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझी बारा वर्षं याच कामात गेली, जास्त करून एडब्ल्यूएसच्या (अमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनवर. तिकडचं लिहितो.

तिथे याच स्थितीला ‘अव्हेलेबल’ म्हणतात आणि हा शब्द जास्तच फसवा आहे, कारण ऐकताना वाटतं डिस्क मोकळी आहे, घ्या. खरा अर्थ एवढाच की सध्या कुठल्या मशीनला जोडलेली नाही. ‘एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स’ला स्टेटसची गाळणी लावून यादी मिळते. मशीनबरोबर डिस्क जाणार की राहणार हे ‘डिलीट-ऑन-टर्मिनेशन’ ठरवतं. रूट डिस्कला (जिच्यावरून मशीन चालू होतं तिला) ते मूळचंच चालू असतं, नंतर ‘अटॅच-व्हॉल्यूम’ने जोडलेल्या डिस्कला बंद. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. कुणी रूट डिस्कवरच डेटाबेस ठेवतो आणि मशीनबरोबर तो घालवतो, कुणाच्या डेटा डिस्क वर्षभर बिल खात पडून राहतात.

दुसरी अडचण झोनची. ईबीएसची (एडब्ल्यूएसच्या ब्लॉक स्टोरेजची) डिस्क एका अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधल्या डेटासेंटरच्या एका वेगळ्या गटात) जन्मते आणि तिथेच राहते. मुंबईत असे तीन झोन आहेत. ‘ए’ झोनमधली डिस्क ‘बी’ झोनमधल्या मशीनला जोडायला गेलात तर कमांड नकार देते. मार्ग एकच: स्नॅपशॉट घ्या आणि त्यावरून हव्या त्या झोनमध्ये नवी डिस्क उभी करा. मात्र स्नॅपशॉटवरून आलेली डिस्क सुरुवातीला मंद वाटते, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचला जातो तेव्हा तो मागच्या साठवणीतून ओढून आणावा लागतो. नव्या डिस्कवर लगेच घाईचं काम लावू नका. आधी ‘डीडी’ किंवा ‘फिओ’ने एकदा सगळी वाचून काढा.

आणि जुन्या ‘जीपी२’ प्रकारच्या डिस्क कुणाकडे असतील तर बघाच. आमच्याकडे १०० जीबीची जीपी२ होती. रात्री बाराला डेटाबेसमध्ये एक मोठी नोंद सुरू व्हायची आणि साडेबाराच्या सुमारास अचानक रांगायला लागायची. दोन आठवडे आम्ही डेटाबेसला दोष दिला. कारण जीपी२च्या हिशोबात होतं: दर जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनाची कामं), म्हणजे १०० जीबीला ३००. त्यावर उसनं म्हणून ३००० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठीच्या ५४ लाख क्रेडिटची पुंजी पूर्ण वेगाने साधारण अर्ध्या तासात संपते. संपली की परत ३००. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीपी३ला आकार कितीही असो, पायाच ३००० आयओपीएस आणि १२५ एमबी प्रति सेकंद, आणि जीबीमागे दर जीपी२पेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी. ‘मॉडिफाय-व्हॉल्यूम’ने चालू मशीनवर बदलता येतं, बंद करावं लागत नाही. आम्ही बदलली त्या रात्री नोंद वेळेत संपली.

---

लकडीपूल | रविवार, सकाळी ९:१५

माझं मत थोडं वेगळं आहे. डिलीट करायचं काम कमांड लाइनवर करूच नये. पोर्टलवर (क्लाउडच्या वेबपानावर) नाव समोर दिसतं, काही ठिकाणी ते टाइप करून खात्री द्यावी लागते. लूपमध्ये माणसाची नजर कुठेच पडत नाही.

---

सिंहगडवारी | रविवार, सकाळी ९:४०

लकडीपूल, नजर पडली पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण पोर्टलवर दीडशे डिस्कच्या यादीत चौकोन टिचक्या मारत जाताना विसाव्या डिस्कनंतर नजर असून नसल्यासारखी होते, हे मी स्वतः पाहिलंय. शिवाय काय उडवलं याची नोंद आपल्या हाती राहत नाही.

आम्ही काम दोन वेगळ्या दिवसांत तोडतो. पहिल्या दिवशी कमांड फक्त यादी काढते आणि ती फाइलमध्ये जाते: नाव, आकार, टॅग, शेवटची जोडणी. ती फाइल दुसऱ्या माणसाकडे. तो एकेक ओळ वाचतो, शंका येईल ती ओळ काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फाइलवरून डिलीट, एकेक करून, खात्री विचारत. ‘यादी काढा आणि लगेच उडवा’ अशी एकच ओळ आमच्याकडे लिहूच देत नाहीत.

एडब्ल्यूएसमध्ये ‘--ड्राय-रन’ आहे, पण त्यावर विसंबू नका. परवानगी असेल तर ती ‘विनंती यशस्वी झाली असती’ अशा अर्थाची त्रुटी दाखवते. म्हणजे तुम्हाला ते करायचा अधिकार आहे का, एवढंच तपासलं जातं. डिस्क बरोबर आहे का, हे ती कशी सांगणार?

---

खराडीतून | रविवार, सकाळी १०:०२

दोन दिवसांची पद्धत आजपासून आमच्याकडेही. दुसरा माणूस म्हणून वाचनालयाचे काका. त्यांना कमांड येत नाही, पण कुठल्या घरच्या वह्या कधी आल्या हे तोंडपाठ आहे, आणि यादी वाचायला तेच लागतं.

---

नवं_टर्मिनल | रविवार, दुपारी १२:३०

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अझूरवर १२८ जीबीची डेटा डिस्क होती, ती भरली. ‘एझेड डिस्क अपडेट’ला ‘--साइज-जीबी २५६’ देऊन वाढवली, कमांड यशस्वी झाली, पोर्टलवर २५६ दिसतंय. पण मशीनवर ‘डीएफ -एच’ अजून १२६ च दाखवतंय आणि डिस्क भरल्याची त्रुटी चालूच आहे. दोनदा रीस्टार्ट केलं. उद्या डेमो आहे. काय चुकलं असेल?

---

कर्वेरोड | रविवार, दुपारी १:१०

काही चुकलेलं नाही, काम अर्धं झालंय. वरचा प्लॉटचा दाखला पुढे नेते. तुझा प्लॉट वाढला, पण कुंपण जुन्याच जागी आहे आणि घरही तेवढंच आहे. प्लॉट म्हणजे डिस्क, कुंपण म्हणजे पार्टिशन, घर म्हणजे फाइलसिस्टीम. तिन्ही वेगवेगळ्या कमांडने वाढतात आणि ‘डीएफ’ फक्त घर मोजतं.

आधी ‘एलएसबीएलके’ चालव. एसडीसीसमोर (तुझी डेटा डिस्क बहुधा तीच) २५६जी आणि तिच्याखाली फांदीसारख्या एसडीसी१ समोर १२८जी दिसलं तर माझं म्हणणं बरोबर. एसडीसीसमोरच १२८ दिसत असेल तर मशीनला नवा आकार कळलेला नाही, तो पुन्हा वाचायला लावावा लागेल. पण तू रीस्टार्ट केलंयस, म्हणजे कळला असणार.

मग पुढचं क्रमाने. थांब, त्याआधी स्नॅपशॉट घे. डेमो उद्या आहे म्हणून तर घेच.

‘सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीसी १’. इथे एसडीसी आणि १ यांच्यामध्ये मोकळी जागा आहे, ती विसरू नको. या कमांडला डिस्क आणि पार्टिशनचा क्रमांक वेगवेगळे लागतात. उबुंटूवर कमांड सापडली नाही तर ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ हे पॅकेज टाक. नंतर फाइलसिस्टीम कुठली ते ‘एलएसबीएलके -एफ’ने बघ. ईएक्सटी४ असेल तर ‘रीसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीसी१’, इथे मात्र जोडून. एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ आणि त्याला डिव्हाइस नाही, माउंट केलेल्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. दोन्ही चालू डिस्कवर होतात, अनमाउंट करायची गरज नाही.

आणि एक पैशांचं. अझूरची प्रीमियम एसएसडी ठरलेल्या मापांत मिळते, जसं १२८, २५६, ५१२, १०२४ जीबी. मधला आकार मागितलास तर वरच्या मापाचे पैसे लागतात. १३० जीबी मागितली की बिल २५६ चं. म्हणून तू थेट २५६ केलीस ते योग्यच. पण वाढवताना दोनदा विचार करायचा, कारण क्लाउडची डिस्क लहान करता येत नाही. अझूर असो की एडब्ल्यूएस, वाढ एकाच दिशेने. लहान हवी असेल तर नवी डिस्क घेऊन डेटा हलवायचा.

---

नवं_टर्मिनल | रविवार, दुपारी १:५५

ताई, झालं!! एसडीसी १ मधली मोकळी जागा मी पहिल्यांदा दिलीच नव्हती, त्रुटी आली, मग परत तुमचा प्रतिसाद वाचला. आता ‘डीएफ’मध्ये २५१ दिसतंय. स्नॅपशॉटही घेतला. खूप खूप आभार, रात्रीपासून झोप नव्हती.

---

मुळाकाठ | रविवार, दुपारी २:१०

वाचनखूण साठवली. कुंपण आणि घर कायमचं लक्षात राहील.

---

फेज२ | रविवार, सायंकाळी ६:२०

नवं_टर्मिनल, एसडीसी हे नाव कुठे लिहून ठेवलं असशील तर पुसून टाक. ती अक्षरं डिस्कची नाहीत, मशीन चालू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडल्या त्या क्रमाची आहेत. दुसरी डिस्क जोडून रीस्टार्ट केलंस की आजची एसडीसी उद्या एसडीडी होऊ शकते. ‘एफएसटॅब’मध्ये (चालू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) नेहमी यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहायचा, तो ‘ब्लकआयडी’ने मिळतो, आणि सोबत ‘नोफेल’. ‘नोफेल’ नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर मशीन चालू होताना वाट बघतं आणि आपत्कालीन मोडमध्ये जाऊन बसतं. मग एसएसएचही लागत नाही. रात्री दोनला हे समोर आलं की घाम फुटतो.

अझूरवर कुठली डिस्क कुठली हे लनवरून (डिस्क जोडल्याच्या जागेच्या क्रमांकावरून) ओळखता येतं. जोडताना जो लन क्रमांक दिला तोच ‘/डेव्ह/डिस्क/अझूर/स्कझी१/लन०’ अशा दुव्यात दिसतो. एडब्ल्यूएसच्या नव्या मशीनवर तुम्ही एसडीएफ म्हणून जोडलेली डिस्क आत एनव्हीएमई१एन१ म्हणून दिसते. तिथे ‘एलएसबीएलके -ओ +सिरियल’ चालवा, सिरियलच्या रकान्यात व्हॉल्यूमचा आयडी येतो, फक्त मधली डॅश गळलेली असते.

आता माझा अनुभव, आणि हा नव्या मुलांनी जरूर वाचावा. अझूरच्या बऱ्याच मशीनसोबत एक तात्पुरती डिस्क फुकट येते आणि लिनक्सवर ती बहुधा ‘/एमएनटी’वर माउंट असते. वेगवान, रिकामी, मोठी. आमच्या टीममध्ये एकाने तिथेच महिनाभराची चाचणीची नोंद साठवली. मशीन शुक्रवारी डीअलोकेट केलं, सोमवारी चालू केलं, ‘/एमएनटी’ कोरी. ती डिस्क यजमान मशीनच्या अंगची असते, डीअलोकेट केलं की तिच्यावरचं जातं. दुःख याचं की त्याच फोल्डरमध्ये ‘डेटालॉस वॉर्निंग रीडमी’ नावाची फाइल ठेवलेली होती आणि महिनाभरात ती आमच्यापैकी कुणीच उघडली नव्हती. ‘एझेड डिस्क लिस्ट’मध्ये जी दिसत नाही तिच्यावर जपायचं काही ठेवू नका.

---

वेताळटेकडी | सोमवार, सकाळी ८:३५

ओपनस्टॅकबद्दल (आपल्याच मशीनवर क्लाउड उभारायच्या मुक्त सॉफ्टवेअरबद्दल) कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी एका शैक्षणिक संस्थेच्या प्रयोगशाळेत ते सांभाळतो. तिथे डिस्कचं खातं ‘सिंडर’कडे असतं. २०१२च्या फॉल्सम आवृत्तीत ते मशीन सांभाळणाऱ्या ‘नोव्हा’तून वेगळं झालं. ‘ओपनस्टॅक व्हॉल्यूम क्रिएट --साइज’ने बनवायची, ‘ओपनस्टॅक सर्व्हर ॲड व्हॉल्यूम’ने जोडायची. बाकी गणित तुमच्यासारखंच.

एकच गोष्ट कळकळीने सांगतो. कधीकधी डिस्क ‘एरर डिलीटिंग’मध्ये अडकते. शोधल्यावर पहिला उपाय हाच सापडतो की ‘व्हॉल्यूम सेट --स्टेट अव्हेलेबल’ करा. ही कमांड फक्त डेटाबेसमधला शब्द बदलते. मागच्या खऱ्या साठवणीत डिस्क अर्धी पुसली गेली आहे का, अजून कुठल्या मशीनला चिकटलेली आहे का, याला ती हातही लावत नाही. एका विद्यार्थ्याची डिस्क अशीच जुन्या मशीनला चिकटलेली असताना मी ‘अव्हेलेबल’ केली आणि ती दुसऱ्या मशीनला जोडली गेली. दोन मशीन एकाच ईएक्सटी४वर लिहीत राहिली. तासाभरात फोल्डरच्या फोल्डर कचरा झाले. तेव्हापासून आधी मागची साठवण बघायची, मगच शब्द बदलायचा.

---

कर्वेरोड | सोमवार, रात्री ९:४५

खराडीतून, तुमच्या स्नॅपशॉटच्या मुद्द्याला एक जोड हवी. स्नॅपशॉट घेतला म्हणजे सुटलो असं नसतं, तो उघडून बघितला पाहिजे.

घेताना डिस्कवर लिहिणं चालू असेल तर स्नॅपशॉट अचानक लाइट गेलेल्या क्षणासारखा निघतो. स्कॅनच्या फाइल असतील तर स्कॅनिंग थांबवून, ‘सिंक’ करून घ्या, बस्स. डेटाबेस असेल तर ‘एफएसफ्रीझ’ने ते माउंट गोठवायचं, स्नॅपशॉटची कमांड द्यायची, लगेच सोडायचं. रूट डिस्कवर हे करू नका, ज्या शेलमधून सोडायचं तोच गोठून बसतो.

उघडायला स्नॅपशॉटवरून ‘एझेड डिस्क क्रिएट --सोर्स’ने नवी डिस्क करा आणि फक्त वाचण्यापुरती माउंट करा. तुमची फाइलसिस्टीम एक्सएफएस असेल आणि मूळ डिस्क त्याच मशीनला जोडलेली असेल तर माउंट नाकारलं जाईल, कारण दोघींचा यूयूआयडी एकच. तेव्हा ‘-ओ आरओ,नोयूयूआयडी’ द्या. ही त्रुटी पाहून स्नॅपशॉट खराब निघाला असं समजून फेकून देणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

लकडीपूल | सोमवार, रात्री १०:३०

ताई, हे नोयूयूआयडी मला मागच्या वर्षी हवं होतं. आणि सिंहगडवारींची दोन दिवसांची पद्धत वाचून माझं पोर्टलबद्दलचं मत बदललं आहे. आज आमच्या टीमला यादीची फाइल दाखवली. पहिल्याच वाचनात एकाने दोन ओळी काढल्या, त्या त्याच्या होत्या.

---

खराडीतून | पुढचा रविवार, रात्री ९:१५

स्कॅनिंग काल संपलं. ४१२ पानं, सुमारे १९ जीबी. डिस्कच्या नावात आता दुकानाचं नाव, ‘जमाखर्च’ आणि महिना आहे. कुलूप लावलंय. ते खरंच लागलंय का हे बघायला मी तिच्यावर मुद्दाम डिलीटची कमांड दिली, अर्थात स्नॅपशॉट घेतल्यानंतर. ‘स्कोप लॉक्ड’ असं म्हणून नाकारली गेली. तो नकार वाचून इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

आज कर्वेरोड ताईंनी सांगितलं तसं स्नॅपशॉटवरून नवी डिस्क केली. माउंट पहिल्यांदा नाकारलं गेलं, नोयूयूआयडी दिल्यावर झालं. लॅपटॉप घेऊन आजींकडे गेलो आणि त्यांना विचारलं, कुठलं पान उघडू. म्हणाल्या, पुराचं.

१९६१ची वही. ११ जुलैपर्यंत रोजच्या नोंदी, मोजक्या, एकसारख्या अक्षरात. मग अर्धं पान कोरं, त्यावर आडवी तपकिरी रेघ. पुढची नोंद ऑगस्टमधली, जाड निबेने: ‘माती उपसणे, मजुरी’. आजींनी स्क्रीनवर बोट ठेवून ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, हे मामंजींचं अक्षर.